दुसऱ्या पोर्टाची हजेरी : जुन्या व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीतून एक धडा



गेल्या दिवाळीच्या सुटीआधी इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आमच्या विज्ञान मंडळात आली. फडके सोडले तर आत टीव्हीला जोडून खेळायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल, पण तुमच्या बाबा-काकांना विचारा. मारिओ, कॉन्ट्रा, बदके मारायची बंदूक असे म्हटले की त्यांचे चेहरे कसे खुलतात ते बघा!

या यंत्राची हकिकत अशी. मुलीच्या वडिलांनी पहिल्या पगारातून ते सुरत स्टेशनजवळच्या एका लारीवरून धाकट्या भावासाठी घेतले. तेव्हा हे कुटुंब सुरतेत तापीकाठच्या वस्तीत राहत होते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यांच्या घरातही पाणी शिरले. खाली ठेवलेले सामान गेले. माळ्यावरचा फोटोंचा अल्बम आणि हा गेम एवढेच हाती लागले, आणि गेमच्या खोक्यातही चिखलपाणी गेलेच होते. उन्हात वाळवल्यावर तो चालू झाला, पण दुसऱ्या खेळाडूचे कंट्रोलर नीट चालेना. पुढे कुटुंब पलसाण्याला आले. काका नोकरीसाठी पुण्याला गेले. यंत्र पेटीत पडून राहिले.

यंदा काका दिवाळीला येणार होते आणि पुतणीला त्यांच्याबरोबर दोघांचा खेळ खेळायचा होता. वडील म्हणाले, "भंगारवाल्याला देऊन टाकू." आजी म्हणाल्या, "दुरुस्त झाला नाही तरी चालेल, पण फेकू नका. पुरातून तेवढंच वाचलंय." त्यामुळे आमच्यावर जबाबदारी आली. नवे यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते, हे बिघडले असते तर दुसरे आणता येणार नव्हते. म्हणून आम्ही आधीच ठरविले की समजल्याशिवाय हात लावायचा नाही. या लेखात आम्ही काय केले, कोठे चुकलो आणि त्यातून काय शिकलो ते क्रमाने सांगतो.

यंत्राची ओळख

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निंटेंडो कंपनीचे 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आले. गंमत म्हणजे त्या पहिल्या यंत्रात कंट्रोलर काढता येतच नव्हती. त्यांच्या वायरी थेट यंत्राच्या पोटात जोडलेल्या होत्या. १९८५ मध्ये अमेरिकेत त्याचेच दुसरे रूप आले. त्याला पुढच्या बाजूला सात पिनांची दोन सॉकेटे होती. या यंत्रांच्या असंख्य नकला निघाल्या आणि भारतात मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी त्या घरोघरी गेल्या. मूळच्या महाग यंत्रांचे काय झाले तेही ऐका. सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीमार्फत भारतात विकायला आले, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळात एवढ्या पैशांत कोण खेळ घेणार? म्हणून आपल्याकडे स्वस्त नकलाच रुळल्या.

या नकलांत बहुधा नऊ पिनांचे, इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे पोर्ट असते. यंत्राच्या बाजूला पिना आणि कंट्रोलरच्या बाजूला भोके. हा आकार १९७७ च्या अटारी यंत्रापासून चालत आला आहे. आकार तोच असला तरी आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी आहे, हे विसरू नका. सेगाचे कंट्रोलर या यंत्रात घट्ट बसते, पण म्हणून ते लावायचे नसते. कोठला तार कोठे जाईल आणि काय शॉर्ट होईल, सांगता येत नाही.

हजेरीचा नियम

दुरुस्तीआधी आम्ही फळ्यावर एक प्रश्न लिहिला. कंट्रोलरवर आठ बटणे आहेत : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि चार दिशा. मग वायरीत मात्र पाचच कामाचे तार कसे?

उत्तर आपल्या वर्गातच आहे. बाई हजेरी घेतात तेव्हा प्रत्येक मुलासाठी वेगळा टेलिफोन लागत नाही. बाई एकेक क्रमांक पुकारतात आणि मुले पाळीपाळीने 'हजर' म्हणतात. येथेही तसेच आहे. पाच तारांची कामे अशी :

१) पाच व्होल्ट. कंट्रोलरमधल्या चिपला लागणारी वीज.

२) ग्राउंड. विजेची परतीची वाट.

३) लॅच. "आहात तसे थांबा!" हा इशारा. त्या क्षणी कोणती बटणे दाबलेली आहेत ते चिप टिपून ठेवते.

४) क्लॉक. "पुढचा क्रमांक!" असे पुकारणे. प्रत्येक ठोक्याला चिप पुढच्या बटणाकडे जाते.

५) डेटा. 'हजर' किंवा 'गैरहजर' हे उत्तर. क्रम ठरलेला आहे : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे.

मूळ निंटेंडोच्या कंट्रोलरमध्ये हे काम ४०२१ क्रमांकाची चिप करते. स्वस्त नकलांत ती काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली असते, पण नियम तोच. आपल्याकडच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा बदलते आणि बहुतेक खेळ दर चित्राला एकदा हजेरी घेतात. म्हणजे एका कंट्रोलरची सेकंदाला ५० गुणिले ८, अर्थात ४०० उत्तरे! म्हणून बटण दाबताच मारिओ उडी मारतो असे आपल्याला वाटते.

हा नियम कळला की अर्धी दुरुस्ती झाली. आठही बटणांची उत्तरे एकाच तारेवरून येतात. तेव्हा एकच बटण चालत नसेल, तर दोष पोर्टात नसतो. तो कंट्रोलरच्या आतल्या रबरात किंवा काळ्या कार्बनच्या टिकलीत असतो. पोर्ट बिघडले तर सारी हजेरीच बिघडते.

सेगाचे मात्र उलटे आहे. तेथे बटणांना वेगवेगळे तार आहेत आणि काही तार दोन बटणांत वाटून घेतलेले आहेत. मेगा ड्राइव्हच्या पोर्टातील ६ क्रमांकाची पिन तुटली तर ए आणि बी ही दोन्ही बटणे जातात. ९ क्रमांकाची तुटली तर सी आणि स्टार्ट. म्हणजे यंत्र कोणते, त्यावर निदानाची रीत बदलते.

पेच न काढता केलेली तपासणी

आमच्या यंत्रात लक्षण असे होते. पहिल्या पोर्टावर सारे ठीक. दुसऱ्या पोर्टावर ए दाबले की कॉन्ट्रातला शिपाई उडी मारी, गोळी झाडी आणि वेडावाकडा सरके. बाकी कोणतेही बटण दाबले तरी काहीच होत नसे. नववीतील एक विद्यार्थी लगेच म्हणाला, "सर, ए चिकटलंय." आम्हालाही क्षणभर तसेच वाटले.

पण अंदाजावर यंत्र उघडायचे नाही असे ठरले होते. म्हणून यंत्र बंद करून दोन्ही कंट्रोलरची अदलाबदल केली. दुसरे कंट्रोलर पहिल्या पोर्टावर उत्तम चालले. पहिले कंट्रोलर दुसऱ्या पोर्टावर लावले तर तेही तसेच वेड्यासारखे वागले. म्हणजे ए चिकटलेले नव्हते. दोष पोर्टाचा होता. या अदलाबदलीला एक पैसा लागत नाही, आणि घाई करणारे नेमके तेच करायला विसरतात.

या तपासणीचा तक्ता वहीत उतरवून घ्या :

१) कंट्रोलर दोन्ही पोर्टांवर चालत नाही : दोष कंट्रोलरचा, बहुधा वायर मुळाशी तुटलेली.

२) कोणतेही कंट्रोलर एकाच पोर्टावर चालत नाही : दोष त्या पोर्टाचा.

३) दोन्ही पोर्टांवर दोन्ही कंट्रोलर बंद : दोघांना सामाईक असलेली गोष्ट पाहा. पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच किंवा मुख्य चिप.

४) काही न दाबता सगळी बटणे दाबल्यासारखी वागतात : डेटाचा तार ग्राउंडला चिकटला असावा.

५) काहीच उत्तर नाही : डेटा, पाच व्होल्ट किंवा ग्राउंड तुटला असावा.

आमचे लक्षण या पाचांत बसत नव्हते. मग सातवीतल्या त्याच मुलीने हजेरीचा दाखला पुढे नेला. "बाई क्रमांक पुकारतात ते ऐकूच आलं नाही, तर पहिला मुलगाच आठ वेळा 'हजर' म्हणेल." अगदी बरोबर! क्लॉक पोहोचला नाही तर चिप पुढे सरकत नाही. यंत्र आठ वेळा विचारते आणि आठही वेळा त्याला पहिल्या बटणाचे, म्हणजे ए चे, उत्तर मिळते. ए दाबले की सगळी बटणे दाबल्यासारखी होतात आणि ए सोडून दुसरे काही दाबले तर त्याचा पुकाराच होत नाही. पेच न काढता आम्हाला संशयित तार सापडला होता.

उघडल्यावर काय दिसले

आता उघडण्याची वेळ आली. अॅडॅप्टर भिंतीतून काढला. पेच काढून एका वाटीत ठेवले. झाकण काढण्याआधी प्रत्येक वायर कोठे जाते त्याचे चित्र वहीत काढले.

आतमध्ये पुराची खूण होती. दुसऱ्या पोर्टाच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. तांबे-पितळ ओलाव्यात आणि क्षारांत राहिले की असा थर चढतो, देवघरातल्या भांड्यांवर तुम्ही तो पाहिला असेल. आपल्या भागात पावसाळ्यातली दमट हवा आणि मिलच्या वस्तीतला बारीक तंतूंचा धुरळा त्यात भर घालतात. पिनांच्या मुळाशी भिंगातून पाहिले तर एका डाखाभोवती केसासारखी गोल चीर दिसली. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. वरून डाख शाबूत दिसतो, आत मात्र संबंध तुटलेला असतो.

चीर का पडली तेही कळले. पोर्टाच्या दोन्ही बाजूंचे पेच केव्हाच पडून गेले होते. कंट्रोलर ओढले की सगळा जोर त्या पाच-सात डाखांवर येत होता. म्हणजे पुराने यंत्र आजारी पाडले आणि ओढाओढीने पाय मोडला.

तार ओळखण्यासाठी रंगांवर विसंबलो नाही, कारण नकलांत रंगांना नियम नसतो. मल्टीमीटर बीपवर ठेवला. यंत्रात ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो अॅडॅप्टरच्या ९ व्होल्टांचे ५ व्होल्ट करतो. अक्षरे आपल्याकडे धरली तर मधला पाय ग्राउंड आणि उजवा पाय पाच व्होल्ट. त्या पायांवर एक टोक ठेवून पोर्टाची कोणती पिन बीप देते ते पाहिले. दोन तार सापडले. मग पहिल्या पोर्टाची पिन आणि दुसऱ्या पोर्टाची पिन यांत बीप शोधला. लॅच दोन्ही पोर्टांना सामाईक असतो, म्हणून तोही सापडला. उरले दोन : क्लॉक आणि डेटा. यांपैकी एका पिनेपासून पट्टीवरच्या पुढच्या डाखापर्यंत बीप सरळ आला. दुसरीचा बीप नखाने पिन दाबली तरच येई. ए चे उत्तर यंत्राला मिळत होते, म्हणजे डेटा शाबूत होता. तेव्हा ही तुटलेली पिन क्लॉकचीच. आधी डोक्याने सांगितले तेच नंतर मीटरने सांगितले. तेव्हा वर्गात जो आनंद झाला तो काय वर्णावा!

दुरुस्ती, आणि आमची चूक

साहित्य : २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, भिंग, बारीक वायर, मल्टीमीटर.

१) अल्कोहोल लावून ब्रशने पिना दोन्ही बाजूंनी घासल्या. पाण्याने किंवा लिंबाने घासू नये, आम्ल पट्टीवर राहून पुढे गंज वाढवते. घासल्यावर पूर्ण वाळू दिले.

२) चीर पडलेल्या डाखावर फ्लक्स लावून आयर्न टेकवले. नेहमीचे ६०-४० सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आतच वितळते, आयर्नचे टोक मात्र त्याहून बरेच तापलेले असते. म्हणून दोन-तीन सेकंद पुरेत. येथेच आम्ही चुकलो. जुने सोल्डर वितळेना म्हणून आयर्न तसेच धरून ठेवले आणि पिनेखालची तांब्याची गोल पट्टी बोर्डापासून उचलली गेली. खोलीत सगळे गप्प झाले. आजींचे "फेकू नका" आम्हाला आठवले.

जुना डाख वितळत नसेल तर आयर्न दाबून धरायचे नसते. थोडे नवे सोल्डर मिसळले की जुनेही लगेच पाझरते. हे आम्हाला माहीत होते, पण घाईत आठवले नाही.

३) उचललेली पट्टी परत चिकटत नाही, पण काम अडत नाही. त्याच रस्त्यावर थोडे पुढे बोर्डावरचे हिरवे लाखेचे अस्तर ब्लेडने हळूच खरवडून तांबे उघडे केले. त्यावर सोल्डरचा पातळ हात दिला. मग पिनेपासून तेथपर्यंत बारीक वायरचा तुकडा जोडला. रस्ता खचला की बाजूने पायवाट काढतात, तसे. याला जंपर म्हणतात.

४) बाकीच्या डाखांवरही फ्लक्स लावून, थोडे नवे सोल्डर घालून त्यांना नवे केले. एक तुटला तर शेजारचे तुटण्याच्या वाटेवर असतात.

५) वीज देण्याआधी शेजारशेजारच्या पिनांत बीप येत नाही ना, विशेषतः पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांत, हे तपासले. ही पायरी गाळली तर चिप जाऊ शकते.

६) कंट्रोलर न लावता वीज दिली. पाच व्होल्टच्या पिनेवर ४.९ आले. ४.८ ते ५.२ पर्यंत ठीक समजावे. यंत्र बंद केले, कंट्रोलर लावले, पुन्हा चालू केले.

७) शेवटी पोर्टाच्या दोन्ही बाजूंना नवे पेच बसवले, म्हणजे ओढ डाखांवर येणार नाही.

ए दाबले, शिपायाने फक्त उडी मारली. बी दाबले, गोळी झाडली. आठही बटणे हजर!

जे दुरुस्त होत नाही

खरे ते सांगायला हवे. मूळ निंटेंडोत पोर्ट आणि मुख्य चिप यांच्या मध्ये ७४एचसी३६८ नावाची स्वस्त चिप असते. धक्का बसला तर ती जळते आणि बदलता येते. आपल्याकडच्या नकलांत सारा कारभार त्या काळ्या थेंबाखालच्या एकाच चिपमध्ये असतो. तीच गेली तर उपाय नाही. म्हणून चालू यंत्रात कंट्रोलर कधी लावू अथवा काढू नये. निंटेंडोनेही सुटे भाग मिळेनात म्हणून २००७ मध्ये जपानमधील या यंत्राची दुरुस्ती बंद केली. आता ही यंत्रे जगवायची तर ती आपल्यासारख्यांनीच.

सावधगिरी

सोल्डरिंग मोठ्यांच्या समोरच करा. खिडकी उघडी ठेवा. अल्कोहोलची बाटली आयर्नजवळ ठेवू नका, ते पेट घेते. सोल्डरमध्ये शिसे असते, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि तोवर काही खाऊ नका. जुना टीव्ही मात्र कधीही उघडू नका. त्याच्या काचेच्या नळीत बंद केल्यावरही जीवघेणी वीज साठलेली असू शकते. आपले काम खेळाच्या यंत्रापुरतेच.

घरी विचार करा

१) एका कंट्रोलरचे फक्त 'उजवे' बटण कोणत्याच पोर्टावर चालत नाही. पोर्ट उघडाल का? का नाही?

२) कोणत्याही पोर्टावर काही चालत नाही, पण चित्र दिसते. आधी कोणत्या तीन तारांवर संशय घ्याल?

३) डेटाचा तार तुटला असता तर आमच्या यंत्राने ए चे उत्तर दिले असते का?

उत्तरे कारणांसह लिहून विज्ञान मंडळाच्या पेटीत टाका. नुसते 'हो' किंवा 'नाही' चालणार नाही.

यंत्र आम्ही त्याच साडीच्या फडक्यात गुंडाळून परत दिले. सुटीनंतर मुलगी शाळेत आली तेव्हा आम्ही विचारले, काका जिंकले की तू? ती म्हणाली, "पहिले दोन दिवस काका जिंकले. मग आजीनं दुसरं कंट्रोलर घेतलं." आजी जिंकल्या का, ते मात्र तिने सांगितले नाही.